जुन्यातच दुरुस्ती का करून देत नाहीत?

प्रश्न : मी लाखनी तालुक्यातला धान उत्पादक आहे. ई-पीक पाहणीसाठी फोनमध्ये ॲप घेतलं, कसंबसं शिकलो, आणि पुढे सांगण्यात आलं की जुनं काढा, नवं टाका. पुन्हा शिकलो, पुन्हा तेच. माझा फोन जुना आहे. नवं ॲप त्यावर अडखळतं. बांधीत उभा असलो तरी मी शेताबाहेर आहे असं दाखवतं. माझ्या मुलाचं गावात झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. त्याचा संगणक विंडोज ७ चा, त्यालाही सगळे ‘बदला’ म्हणतात. ट्रॅक्टरचा एक पार्ट खराब झाला तर आपण तेवढा पार्ट बदलतो, ट्रॅक्टर बदलत नाही. मग सॉफ्टवेअरमध्ये चूक सापडली तर ती जुन्यातच दुरुस्त करून का देत नाहीत?
— एक वाचक, ता. लाखनी, जि. भंडारा

उत्तर : जुन्यातच दुरुस्ती करून देता येते. हे आधी सांगून टाकतो, कारण तुम्हाला आजवर बहुधा उलटंच ऐकायला मिळालं असेल. सॉफ्टवेअर झिजत नाही, गंजत नाही. जुन्या आवृत्तीतली नेमकी चूक शोधून तेवढीच सुधारणं हे जगभर रोज चालणारं काम आहे. तुमच्या वाट्याला ते येत नाही, कारण ते करायचं नाही असं कुणीतरी ठरवलेलं असतं. असं ठरवणं कधी रास्त असतं, कधी मुळीच नसतं. तुमच्या पत्रात दोन्ही प्रकार आहेत.

तुम्ही ट्रॅक्टरचं उदाहरण दिलंत. मला तुमच्या भागातले मालगुजारी तलाव जास्त जवळचे वाटतात. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव राहिले आणि त्यांच्या नावाआधी ‘माजी’ लागलं. समजा, एका तलावाच्या पाळीत खेकड्यांनी बिळं केली आणि पाणी झिरपू लागलं. उपाय ठाऊक आहे : तेवढी जागा खणायची, चिकणमाती भरायची, धुमसून घट्ट करायची. पण तशीच बिळं आणखी दहा तलावांत आहेत. प्रत्येकाची माती निराळी, पाळीची उंची निराळी, सांडवा निराळ्या बाजूला. एका ठिकाणी केलेलं काम दुसरीकडे उचलून नेता येत नाही. दहाही ठिकाणी जावं लागतं, आणि पाळ टिकली की नाही हे पाऊस पडल्याशिवाय कळत नाही. एकीकडे माती भरताना दुसरीकडे सांडव्याचा दगड हलला, असंही होतं.

सॉफ्टवेअरची प्रत्येक जुनी आवृत्ती हा असा एकेक तलाव आहे. नव्या आवृत्तीत चूक सुधारली, तरी जुनीत त्या चुकीच्या आजूबाजूची रचना वेगळी असते. सुधारणा तिथे पुन्हा बेतून बसवावी लागते, आणि त्या आवृत्तीवर पुन्हा सगळं तपासावं लागतं. या कामाला धंद्यात ‘बॅकपोर्ट’ म्हणतात. बनवणारे ते टाळतात ते मुख्यतः या तपासणीच्या खर्चापायी. पाच आवृत्त्या सांभाळायच्या तर पाचपट तपासणी.

तरीही ती करणारे आहेत. लिनक्सची ‘डेबियन’ नावाची मोफत प्रणाली घ्या. तिची एक आवृत्ती बाहेर आली की साधारण पाच वर्षं तिला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत राहतात, त्यातला शेवटचा काळ काहीशा मर्यादित स्वरूपात. त्या काळात आतले बहुतेक प्रोग्राम बदलत नाहीत. वापरणाऱ्याला पडदा तसाच दिसतो, बटणं जागच्या जागी राहतात. नव्या आवृत्तीतली दुरुस्ती तेवढी काढून जुन्या कापडावर शिवली जाते. अशा दुरुस्तीला ‘पॅच’ म्हणतात, आणि त्या शब्दाचा अर्थही ठिगळच. एके काळी प्रोग्राम कागदी पट्टीवर छिद्रं पाडून साठवत. छिद्र चुकीच्या जागी पडलं तर त्यावर कागदाचा तुकडा चिकटवून ते बुजवत. तिथून हा शब्द आला. फायरफॉक्स या ब्राउझरनेही विंडोज ७ वाल्यांसाठी असंच केलं : जुलै २०२३ मधली ११५ क्रमांकाची आवृत्ती बाजूला ठेवली आणि पुढे दोन वर्षांहून अधिक काळ फक्त तिच्या दुरुस्त्या देत राहिले. म्हणजे हे अशक्य नाही.

आता तुमच्या ॲपकडे येऊ.

ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली १५ ऑगस्ट २०२१ रोजी. महसूल विभागाने टाटा ट्रस्टच्या मदतीने ते ॲप आणलं. तलाठ्याने गाव नमुना १२ मध्ये पीकपेरा लिहायचा, त्याऐवजी शेतकऱ्याने शेतात उभं राहून स्वतः नोंदवायचा. पहिल्याच हंगामात अडचणी पुढे आल्या. चुकून दुसरं पीक निवडलं गेलं तर काय? धानाच्या बांधावर तूर असेल तर ती कुठे लिहायची? फोटो शेतातूनच काढलाय हे कसं ओळखायचं? १ ऑगस्ट २०२२ पासूनच्या दुसऱ्या आवृत्तीत याची उत्तरं आली. मुख्य पिकासोबत तीन दुय्यम पिकं लिहिता येऊ लागली, नोंद ४८ तासांत दुरुस्त करता येऊ लागली, आधारभूत किमतीने धान विकण्यासाठी संमती तिथेच देता येऊ लागली, आणि फोटो शेतापासून दूर काढला तर ॲप तसं सांगू लागलं. पुढे केंद्राच्या डिजिटल क्रॉप सर्व्हेशी जोडलेलं ‘डीसीएस’ ॲप आलं. त्यात शेताच्या ५० मीटरच्या आतूनच फोटो घ्यावा लागतो.

इथे जुनंच का चालू दिलं नाही, याचं कारण मला पटतं. फोनमधलं ॲप म्हणजे अर्धंच सॉफ्टवेअर. उरलेलं अर्धं सरकारच्या सर्व्हरवर असतं आणि दोघांमध्ये एका ठरलेल्या नमुन्यात माहितीची देवाणघेवाण होते. नमुन्यात दुय्यम पिकांचे रकाने वाढले, ठिकाणाचा रकाना आला. जुन्या ॲपला ते रकाने ठाऊकच नाहीत. धान खरेदी केंद्रावर नव्या नमुन्याचा अर्ज मागत असताना जुना भरून नेला तर तो परत येतो, तसंच हे. खरं तर जुन्या नमुन्यातून आलेली अर्धवट नोंद सातबाऱ्यावर चढली असती तर खरेदीच्या वेळी नुकसान तुमचंच झालं असतं. म्हणून दोन आवृत्त्यांमधला हा बदल निव्वळ दुरुस्तीचा नव्हता. नियमच बदलला होता.

राइस मिलच्या हिशेबातही हेच दिसतं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा ‘टॅली’ या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीत काहीही बिघडलं नव्हतं. पण तिला हा करच ठाऊक नव्हता, म्हणून टॅली ईआरपी ९ ची सहावी रिलीज घ्यावी लागली. याउलट १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या पाकीटबंद तांदळावर ५ टक्के कर लागला, तेव्हा नवं सॉफ्टवेअर घ्यायची गरज नव्हती. दर हा आकडा आहे, तो वापरणाऱ्यालाच बदलता येतो. अशा वेळी कुणी नवी आवृत्ती विकायला आलं तर ‘का?’ असं विचारायला हवं.

तुमची तक्रार जिथे सोळा आणे खरी आहे, ती जागा वेगळी. बनवणारे दुरुस्ती, नियमातला बदल आणि नवी रंगसफेदी हे तिन्ही एकाच गाठोड्यात बांधून देतात. चूक सुधारायची म्हणून ॲप घ्यावं तर बटणं हललेली, मेनू बदललेला, कालपर्यंत पहिल्या पानावर असलेलं काम आता तिसऱ्या पानावर. वयस्क माणूस एखादी गोष्ट क्रमाने पाठ करून शिकतो : आधी हे, मग ते, मग तिथे अंगठा. तो क्रम कारण नसताना मोडणं म्हणजे त्याने मोठ्या कष्टाने मिळवलेलं ज्ञान पुसून टाकणं आहे. ज्या ॲपवर माणसाचा पीकपेरा आणि धानविक्री अवलंबून आहे, त्यात तरी दुरुस्ती देताना पडदा आहे तसाच ठेवावा, आणि नवा पडदा आणायचाच तर तो हंगाम नसताना आणावा, असं माझं ठाम मत आहे.

या गाठोड्यात काय आहे ते ओळखायची एक खूण असते. पुष्कळ सॉफ्टवेअरच्या आवृत्तीत टिंबांनी तोडलेले तीन आकडे असतात. रूढ पद्धत अशी की शेवटचा आकडा वाढला तर फक्त चुका सुधारल्यात, मधला वाढला तर सोयी वाढल्यात, पहिला वाढला तर मूळ बांधणी बदलली आहे. सगळेच ही पद्धत पाळत नाहीत, पण पुष्कळ जण पाळतात. शेवटचा आकडा वाढलेला दिसला तर अपडेट निर्धास्त घ्या. पहिला वाढला असेल तर आधी शेजाऱ्याच्या फोनमध्ये पाहून मग घ्या.

आता बांधीत उभं असून बाहेर दाखवण्याचा प्रकार. इथे ॲपलाच दोष देण्याची घाई करू नका. चूक फोनमध्ये, ॲपमध्ये किंवा नकाशात, अशी तिन्हींपैकी कुठेही असू शकते.

आधी फोन पाहा. मोकळ्या आभाळाखाली साधा फोनही पाच-सहा मीटरच्या फरकाने जागा सांगतो. पण त्याला उपग्रह सापडायला वेळ लागतो. रेंज असेल तर उपग्रह कुठे आहेत याची माहिती नेटवरून चटकन मिळते. शेतात रेंज नसेल तर ती माहिती थेट उपग्रहाकडून उतरवून घ्यावी लागते, आणि एकेका उपग्रहाची पूर्ण माहिती उतरायला अर्धं मिनिट जातं. म्हणून बांधीत पोचल्या पोचल्या ॲप उघडू नका. लोकेशन सुरू करून झाडापासून दूर, उघड्यावर दोन-तीन मिनिटं थांबा. दुसरं, फोन अँड्रॉइड १२ किंवा त्यापुढचा असेल तर ॲप पहिल्यांदा उघडताना तो विचारतो की जागा अचूक सांगू की अंदाजे. घाईत ‘अंदाजे’ दाबलं गेलं तर फोन मुद्दामच जागा काही चौरस किलोमीटरमध्ये धूसर करून सांगतो. मग ५० मीटरची अट कशी पुरी होणार? सेटिंगमध्ये त्या ॲपची लोकेशनची परवानगी उघडून ‘अचूक’ करा. अँड्रॉइड ११ पर्यंतच्या फोनमध्ये हा पर्याय नसतो, पण लोकेशनच्या सेटिंगमध्ये अचूकता वाढवण्याचा पर्याय सुरू आहे ना, ते पाहून घ्या.

शेजाऱ्याच्या नव्या फोनवरही त्याच जागी तुमचा गट बाहेर दिसत असेल, तर दोष फोनचा नाही. तसं असेल तर गटाच्या नकाशाची हद्दच सरकलेली असण्याचा संभव मोठा. ॲपच्या कितीही आवृत्त्या आल्या तरी हे सुधारणार नाही. तक्रार तलाठ्याकडे, म्हणजे आता ज्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्यांच्याकडे न्या, आणि गरज पडली तर तालुक्याच्या भूमी अभिलेख उपअधीक्षक कार्यालयात अर्ज द्या. सोबत गट क्रमांक, फोनचं मॉडेल, ॲपच्या आवृत्तीचा आकडा आणि पडद्याचा फोटो जोडा. ‘ॲप चालत नाही’ एवढ्या वाक्यावरून कोणताही कारागीर चूक शोधू शकत नाही. या चार गोष्टींवरून शोधू शकतो.

फोन खरोखरच फार जुना असेल तर प्ले स्टोअर नवं ॲप देतच नाही. इथे पडद्यामागची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. ॲप नव्या अँड्रॉइडच्या नियमांप्रमाणे बनवा, असं बंधन गुगल दरवर्षी घालतं. पण ॲप जुन्यातल्या जुन्या कोणत्या अँड्रॉइडपर्यंत चालावं, हे बनवणारा स्वतः ठरवतो. व्हॉट्सॲपने २०२५ च्या सुरुवातीला अँड्रॉइड ४.४ वगळलं आणि ५ पासून पुढच्यांना ठेवलं. ही सीमा त्यांनी आखली. सरकारी ॲपची सीमा गावातल्या फोनकडे पाहून आखली गेली पाहिजे, शहरातल्या फोनकडे पाहून नव्हे. फोन बनवणाऱ्यांवरही बंधन हवं. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून नियम आहे की एखादं मॉडेल विकणं थांबवल्यानंतरही किमान पाच वर्षं त्याला अपडेट द्यायचे. आपल्याकडे असा नियम आणण्याची मागणी शेतकऱ्यांच्या संघटनांनीही करावी असं मला वाटतं. फोन आता शेतीचं अवजार झाला आहे.

तोवर तुमच्यासाठी दोन वाटा आहेत. एका फोनवरून एकाहून जास्त खातेदारांची पाहणी करता येते, तेव्हा मुलाचा किंवा शेजाऱ्याचा फोन घेऊन बांधीत जा. तेही जमलं नाही तर शेतकऱ्यांची मुदत संपल्यावर उरलेल्या शेतांची नोंद गावासाठी नेमलेले सहायक करतात, त्यांना गाठा. आणि एक काळजी घ्या : जुनं ॲप काढण्याआधी त्यातली पाहणी ‘अपलोड’ झाली आहे ना, हे पाहा. रेंज नसताना घेतलेली नोंद फोनमध्येच पडून असते. ॲप काढलं की ती जाते आणि ती परत आणायची सोय नसते.

मुलाच्या संगणकाबद्दल मात्र माझा सल्ला वेगळा आहे. तो बदलायलाच हवा, किंवा निदान नेटपासून तोडायला हवा. कारण सांगतो.

१४ मार्च २०१७ ला मायक्रोसॉफ्टने विंडोजमधलं एक मोठं भगदाड बुजवणारी दुरुस्ती दिली. विंडोज ७ लाही दिली. दोन महिन्यांनी, १२ मे रोजी, त्याच भगदाडातून ‘वॉनाक्राय’ नावाचा विषाणू घुसला आणि दीडशेच्या आसपास देशांतले संगणक कुलूपबंद करून खंडणी मागू लागला. कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीच्या पाहणीत बाधित झालेल्यांपैकी जवळजवळ सगळे संगणक विंडोज ७ चे निघाले. दुरुस्ती हातात होती, लावली नव्हती. त्याहून जुन्या विंडोज एक्सपीची मुदत एप्रिल २०१४ मध्येच संपली होती, तरी त्या हल्ल्यानंतर कंपनीने एका दिवसात एक्सपीसाठीही मोफत दुरुस्ती दिली. जुन्यात दुरुस्ती होऊ शकते याचा याहून मोठा पुरावा नको. पुढच्याच महिन्यात, २७ जूनला, त्याच भगदाडाचा वापर करणाऱ्या ‘नॉटपेट्या’ने जहाज वाहतूक करणाऱ्या मर्स्क कंपनीच्या यंत्रणा बंद पाडल्या, आणि आपल्या न्हावा शेवा बंदरातलं त्या गटाचं टर्मिनल ठप्प झालं. कंटेनर रस्त्यावर अडकले.

विंडोज ७ च्या सर्वसाधारण दुरुस्त्या १४ जानेवारी २०२० ला थांबल्या. त्यानंतर धोका वाढत जातो. नव्या विंडोजसाठी एखादी दुरुस्ती जाहीर झाली की ती उकलून पाहणाऱ्या भामट्याला कळतं, भगदाड नेमकं कुठे होतं. तीच जागा विंडोज ७ मध्ये उघडी असेल तर तिथे ती बुजवणारं कुणी नाही. मुलाच्या दुकानात लोक आधार कार्ड, पासबुक, सातबारा घेऊन येतात. ती कागदपत्रं गावाची आहेत.

विंडोज १० च्या नियमित दुरुस्त्याही १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबल्या, तेव्हा त्यावर पैसे घालू नयेत. विंडोज ११ ला नव्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम नावाची सुरक्षा-चिप लागते. त्याच्याकडचा संगणक ते घेणार नाही. पण तो ६४ बिटचा असेल आणि चार जीबी रॅम असेल, तर लिनक्स मिंट किंवा डेबियन मजेत चालतं. आधी ते पेन ड्राइव्हवरून, काहीही न पुसता, चालवून पाहता येतं. त्याने तेवढं करावं आणि प्रिंटर-स्कॅनर चालतात का ते बघावं. चालले तर नवा संगणक घ्यायचा खर्च वाचला. मराठी इनस्क्रिप्ट कळफलक त्यात असतोच.

एक गोष्ट टायपिंग करणाऱ्या मुलाला आवडेल. तुमच्या पत्रात ‘ॲप’ हा शब्द आला आहे. त्यातलं पहिलं अक्षर ‘ॲ’ हे युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकांच्या सामाईक अक्षरसंचात, आलं एप्रिल २००८ च्या ५.१ या आवृत्तीत. राज्य सरकारने नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने ते वर्णमालेत घेतलं. २००१ सालच्या एक्सपीला ते ठाऊक नव्हतं, तिथे त्याच्या जागी रिकामा चौकोन दिसे. म्हणून लोक ‘अ’वर चंद्र देऊन काम भागवत. दिसायला दोन्ही सारखंच, पण संगणकाच्या लेखी ती निराळी अक्षरं आहेत. आजही नवं ‘ॲ’ टाइप करून शोधलं तर जुन्या पद्धतीने लिहिलेले मजकूर पुष्कळदा सापडत नाहीत. नव्या आवृत्तीने अक्षर दिलं, पण आधी लिहिलेला मजकूर आपोआप सुधारला नाही.

श्रीलिपी, शिवाजी, आकृतीसारख्या फाँटमधली त्याच्याकडची जुनी कामं तर युनिकोडमध्येच नाहीत. दुसऱ्या संगणकावर ती अगम्य चिन्हं होऊन उघडतील. म्हणून विंडोज ७ चा संगणक लगेच भंगारात घालू नका. लिनक्स वेगळ्या हार्ड डिस्कवर टाका, किंवा दुसरा वापरलेला संगणक घ्या. जुन्या कामांची प्रत आधी पेन ड्राइव्हवर काढा. मग सवडीने एकेक फाइल युनिकोडमध्ये वळवा. रफार, जोडाक्षरं आणि ‘ऱ्या’ तेवढे डोळ्यांनी तपासावे लागतील, वळवताना तीच जास्त मोडतात. पुढच्या हंगामाचे पऱ्हे टाकायच्या आत हे काम उरकावं, कारण पाहणी सुरू झाली की दुकानात उभं राहायला जागा नसेल. आणि जुन्या संगणकाची इंटरनेटची वायर त्याने आजच काढून ठेवावी.